खळ वाळेपर्यंत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि मी त्याच रात्री लिहायला बसले. स्नेहसंमेलनं, क्रीडादिन, नवी इमारत यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण आमच्या काळातल्या कुणाहीसमोर नुसतं 'बाई' म्हटलं की भूगोलाच्या बाईच उभ्या राहतात. त्यामुळे नाव लिहायची गरज नाही.

मी परदेशीपुऱ्यातून यायचे. आजोबा नगर जिल्ह्यातून मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. बाबाही मिलमध्येच, लूमवर. घरी मराठी पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, रविवारी चर्चमध्ये हिंदी उपासना आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिलच्या झाकीच्या, म्हणजे देखाव्याच्या, दिव्यांचं काम करायला बाबा सगळ्यांच्या पुढे, असं आमचं इंदुरी ख्रिस्ती घर. रात्री जेवणाआधी बाबा प्रार्थना करायचे. सगळ्यांची नावं, सगळ्यांची दुखणी, शेजारच्या काकूंचा गुडघासुद्धा त्यात यायचा.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात मिल बंद पडली. इंदूरच्या मिलांचे भोंगे त्या काळात एकेक करून थांबले आणि ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना मी काय सांगणार! आईने साड्यांना फॉल लावायला घेतले. बाबा पहाटे पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे आणि खाटेवर बसून राहायचे. सुरुवातीला घरातली प्रार्थना लांबली. मग ती अडखळू लागली. मग एका रात्री बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. आईने हळूच 'आमेन' म्हटलं आणि पानं वाढली. त्यानंतर प्रार्थना बंदच झाली. भांडण नाही, राग नाही, त्यांना शब्दच सुचेनात.

जिन्याखालची नकाशांची खोली सगळ्यांना आठवत असेल. नकाशा फाटला की नवा मागवायचा, हे बाईंना पटत नसे. शाळा सुटल्यावर त्या एखाद-दुसरीला थांबवून घ्यायच्या आणि नकाशा पालथा घालून मागून कापडाची पट्टी लावायच्या. खळ त्या स्वतः करायच्या, मैद्याची. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. खळ घट्ट झाली तर कापडाला सुरकुती पडते, पातळ झाली तर कागद भिजून पुढची शाई फुटते. म्हणून बाई ती दोन बोटांत घेऊन ताणून बघायच्या आणि मनासारखी झाली की मान हलवायच्या.

त्या दिवशी मध्य प्रदेशाचा मोठा नकाशा होता. बस्तरसकटचा, छत्तीसगड वेगळं होण्याआधीचा. घडीवर तो बरोबर नर्मदेच्या रेषेने, जबलपूरपासून होशंगाबादपर्यंत उसवला होता. धुतलेल्या जुन्या धोतराची पट्टी आम्ही लावली, वरून अ‍ॅटलासचा गठ्ठा ठेवला. "आता खळ वाळेपर्यंत हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. मला राहवेना. मी सारखी कडा उचलून बघत होते. बाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "घरी काय झालंय, बाळ?"

मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाई, मिल उघडावी म्हणून प्रार्थना करा ना."

"करते. पण ते त्याला माझ्याआधी ठाऊक आहे. तू आधी बस."

त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. आता बाई मागणं मागतील म्हणून मी वाट पाहत होते, पण त्या काही बोलल्याच नाहीत. बाहेर शिपाईमामांच्या बादलीचा आवाज येत होता, स्टँडवरून सायकली निघत होत्या. खूप वेळाने बाई एवढंच म्हणाल्या, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." आणि पुन्हा गप्प. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं ते वचन मला लहानपणापासून पाठ होतं, संडे स्कूलमध्ये त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. त्या संध्याकाळी ते ऐकता ऐकता मी बाकावर डोकं टेकलं आणि मला झोप लागली. मिल बंद झाल्यापासून आमच्या घरात कुणी धड झोपलेलं नव्हतं. जाग आली तेव्हा अंधारलं होतं, दिवा लागला होता आणि बाई समोर वह्या तपासत होत्या. त्यांनी मला उठवलं नव्हतं. 'आमेन' त्या कधी म्हणाल्या, मला आजही माहीत नाही. मालवा मिलच्या चौकापर्यंत त्या मला सोडायला आल्या.

एवढीच ही गोष्ट, पण त्यानंतर मी शनिवारी शनिवारी नकाशांच्या खोलीत जायला लागले आणि प्रार्थना म्हणजे काय ते तिथे शिकले. आमच्या गल्लीतली माझी मैत्रीणही यायची. तिचे वडीलही मिलमध्ये आणि घरी वारकरी. बाईंनी तिला कधी आमची प्रार्थना म्हणायला लावली नाही. "तू हरिपाठ म्हण, मनातल्या मनात. इथे फक्त शांत बसायचं," असं सांगितलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, हे मी प्रथम बाईंच्या तोंडून ऐकलं ते त्या दिवशी.

मार्काच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग बाईंचा फार आवडता. शिष्य गावोगाव फिरून, थकून परत येतात. माणसांची इतकी ये-जा की त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना उपदेश करत नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, म्हणतो. बाई पुढचं मुद्दाम वाचून दाखवायच्या. होडीतून ते त्या निवांत जागी पोहोचतात तर माणसं पायी धावत आधीच तिथे हजर, आणि त्याच संध्याकाळी पाच भाकरींत पाच हजारांची पंगत उठवायची असते. "बघ, विसावा मिळाला तो होडीतल्या वाटेपुरताच. पण मिळाला." विसावा म्हणजे काम संपणं, असं त्यांना कधीच वाटलं नाही. छावणीच्या मंडीत धान्याच्या बैलगाड्या यायच्या, त्या आम्ही पाहिलेल्या. नवा बैल जुन्या, सरावलेल्या बैलासोबत जुंपतात. "माझे जू आपणावर घ्या, असं येशू म्हणतो. म्हणजे मानेवर जू असणारच. शेजारी कोण चालतंय ते बघ."

आणि गेथशेमाने, येशूने धरला जाण्याआधी जिथे प्रार्थना केली ती बाग. ही गोष्ट मी आजही माझ्या हाताखालच्या मुलींना सांगते. येशूने मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो, आणि तो टळला नाही. "माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे," एवढं तो म्हणाला. लूक सांगतो की तेव्हा स्वर्गातून देवदूताने येऊन त्याला शक्ती दिली. बाई म्हणायच्या, प्याला तसाच राहिला आणि तो पिण्याचं बळ आलं, हेसुद्धा प्रार्थनेचं उत्तर आहे. मिलच्या गेटाला कुलूप असलेल्या घरातल्या मुलीला हे सांगायला धीर लागतो. खोटी आशा दाखवणं कितीतरी सोपं होतं.

एका रविवारी उपासनेनंतर बाई आमच्या घरी आल्या. बाबा उठून उभे राहिले. "सलाम, बाई. मला आता प्रार्थना जमत नाही, शब्द सुचत नाहीत," ते आईसमोर पहिल्यांदाच बोलले. "मग आम्ही म्हणतो, दादा. तुम्ही फक्त आमेन म्हणा," बाई म्हणाल्या. पौलाने रोमकरांस लिहिलं आहे की आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, शब्दांपलीकडच्या कण्हण्याने. बाईंनी ते वाचलं नाही, नुसतं सांगितलं. बाबांनी आमेन म्हटलं. पुढे त्यांना सियागंजातल्या एका गोदामावर रखवालीचं काम मिळालं आणि आमच्या घरातली प्रार्थना पुन्हा सुरू झाली. यादी मात्र लहान झाली होती आणि मधे मधे ते थांबायला लागले होते.

दहावीनंतर शिकायचं की आईबरोबर शिवणाला बसायचं, हा प्रश्न होता. आमच्या नात्यात पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ देवाची आज्ञा मानायची, अशी पद्धत होती. बाईंना ती अजिबात मान्य नव्हती. "देव बाप आहे, लॉटरी नाही," म्हणाल्या. रोज त्याच्यापुढे बसायचं, आपल्याला ओळखणाऱ्या जाणत्या माणसांना विचारायचं आणि तोवर हातातलं काम नीट करायचं, हे त्यांचं मार्गदर्शन. माझ्या हातात तेव्हा आजीची सेवा होती. तिच्या पाठीला झालेल्या जखमा मी रोज धूत होते. बाईंनीच ते पाहिलं आणि "तू नर्स हो" म्हणाल्या. माझं अकरावी-बारावीचं शिक्षण आणि पुढचं नर्सिंग, दोन्हींचे फॉर्म त्यांनीच आणले.

बाईंची आई पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, त्यामुळे रमाबाई त्यांच्या बोलण्यात घरच्या माणसासारख्या यायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत शास्त्र उतरवायला घेतलं तेव्हा त्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या आणि कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी काम चालूच राहिलं, ते १९२२ च्या एप्रिलात डोळे मिटेपर्यंत. ते भाषांतर छापून आलं १९२४ साली. "ही ताकद कुठून आली असेल?" एवढंच बाई विचारायच्या आणि उत्तर आमच्यावर सोडायच्या.

आज मी इंदुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही काय पाहिलं ते इथे लिहिणार नाही. पीपीई किट घालण्याआधी कपडे बदलायच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी राहायचे. हात जोडायलाही वेळ नसायचा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' एवढंच म्हणायचे. आजच्या पाळीपुरतं बळ. उद्याचं बाईंनी कधी मागू दिलं नव्हतं. पाळी संपेपर्यंत ते पुरायचं. पुरलं, हे मी साक्ष म्हणून लिहिते आहे. माझ्याबरोबरच्या मुली, कुणी केरळच्या, कुणी झाबुआच्या, कुणी इथल्याच, आपापलं नाव घेत शेजारी उभ्या राहायच्या.

२०२३ च्या २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशीच, तीस वर्षांहून जास्त काळ अडकलेले मिल कामगारांचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम इंदुरात झाला. वारसांच्या यादीत आईचं नाव होतं. बाबा तोवर राहिले नव्हते, बाई तर त्याही आधी गेल्या होत्या. आई म्हणाली, "आधी चर्चला जाऊ, मग काय ते कागद." त्या सकाळच्या उपासनेत तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. जिन्याखालच्या खोलीत आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि मोडकी बाकं आहेत. नकाशे कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही. भिंतीवर स्क्रीन आहे, बोट लावलं की नर्मदा हवी तेवढी मोठी होते, मुलं हुशार आहेत. पण शाळा सुटल्यावर एखाद्या मुलीला थांबवून घेणारं आणि वाट पाहत तिच्याजवळ बसणारं कुणी मला दिसलं नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. मुलांच्या घरांतली कुलपं काही संपलेली नाहीत.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. बॅटऱ्या दुसरीकडे हलवून ती खोली रिकामी करावी. फलक नको, मूर्ती नको, क्रूसही नको, बाईंनी तो तिथे कधी लावला नव्हता. चार बाकं आणि एक दिवा पुरे. कुठल्याही घरच्या मुलाला तिथे येऊन बसता यावं. बाकांचा आणि रंगकामाचा खर्च मी देईन. शनिवारी दुपारी माझी ड्यूटी नसते, तेव्हा मी येऊन बसेन.