श्रेय लाटणाऱ्या पुढाऱ्याला अखेर प्राणी मिळाला

मंडळी, अडून बसलेला 'श्रेयचोर' सुटला! दुसऱ्याने खपून मंजूर करून आणलेल्या कामाची फीत स्वतः कापणारा पुढारी; त्याच्यासाठी रोजच्या इंग्रजीत ऐकताक्षणी कळेल असा प्राणी हवा होता. काल बोलण्याच्या ओघात 'रिबन क्रॅब' म्हणालो, आणि समोरच्याने अर्थ न विचारता पुढच्याच वाक्यात तो एका मंत्र्याला चिकटवला. राजकारण्यांच्या तऱ्हांना प्राण्यांवरून इंग्रजी नावं पाडायच्या आपल्या छंदात याहून मोठी पावती नाही.

आधी डोक्यात होता स्कुआ. हा पक्षी दुसऱ्या समुद्रपक्ष्याचा पिच्छा पुरवतो, त्याला मासा टाकायला लावतो आणि स्वतः पळवतो. स्वभाव चपखल, पण स्कुआ ऐकलाय कुणी? समजावून सांगावी लागली की उपमा मेली. सीगल सगळ्यांच्या ओळखीचा, हातातला घास पळवणारा. पण त्याला ऑफिसातल्या इंग्रजीने आधीच अडवलंय. अचानक येऊन कल्ला करून, घाण करून उडून जाणारा साहेब म्हणजे 'सीगल मॅनेजर'. 'ककू' म्हटलं की वेडा, 'मॅगपाय' म्हटलं की दिसेल ते गोळा करणारा. प्राणी जितका परिचित, तितका त्याच्यावर जुना अर्थ बसलेला. सगळी गोची तिथेच.

कोंडी फुटली ती जुनी नाणी वाजवून बघताना. 'लेम डक' अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारात देणी बुडवणाऱ्याला म्हणत, राजकारणात, पायउतार व्हायचं ठरलेल्या पुढाऱ्यासाठी, तो नंतर शिरला. 'डार्क हॉर्स', म्हणजे ध्यानीमनी नसताना पुढे येणारा, घोड्यांच्या शर्यतीतला. अमेरिकेत १८४४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या जेम्स पोकला तो कायमचा चिकटला. अलीकडचा 'डेड कॅट' घ्या, मूळ विषयावरून लक्ष उडवायला मुद्दाम टाकलेला खळबळजनक मुद्दा. सगळीकडे प्राणी साधा, एका उच्चारात संपणारा. खरी कामगिरी आधीच्या शब्दाची. मग मीही राजकारण पुढे घेतलं, प्राणी मागे. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असते आणि ती तो सारखी हलवत असतो. फीत कापायची कात्रीच! 'क्रॅब'ला चिडखोरपणाचा डाग आहे, पण 'रिबन' लागताच तो दिसेनासा होतो.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, या कामाला कुचकामी. कोल्हा, साप, गिधाड यांपुढे जात नाही. प्राण्यांच्या सवयी सांगणारी फील्ड गाइड चाळा. शब्द आधी कुणी वापरलाय का, हे बघायला मात्र ऑक्सफर्डचा मोठा कोशच. तारखेनिशी दाखले देतो.

पुढे पक्षबदलू घेणार होतो. पण खेकड्यांचं वाचताना हर्मिट क्रॅब भेटला, रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. मोठा रिकामा शंख सापडला की हे आकारानुसार रांग लावतात. पहिला त्यात शिरला की त्याचा जुना शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. हा तर मंत्रिमंडळातला खातेबदल! पक्षबदलू थांबेल, आधी हेच. 'शेल शफल' जिभेवर छान घोळतो, पण 'शेल' म्हटल्यावर खेकडा दिसेल की कागदी कंपनी? 'हर्मिट शफल'मध्ये तो धोका नाही, मात्र साधू डोकावतो. दोन्ही बोलण्यात टाकून बघा, आणि न समजावता कोणता कळला ते सांगा.