तुम्ही विचारलंत म्हणून: माळा अजून का आवरला नाही

गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं आली की कुणीतरी माळ्यावर डोकावतंच. मग खाली उतरता उतरता, "वहिनी, एवढं सामान ठेवलंय कशाला? एकदा आवरून टाका ना." दर वर्षी मी "बघू" म्हणते आणि मोदकांच्या तयारीला लागते. यंदा लिहूनच सांगते.

मला आवरता येत नाही, असं कृपा करून समजू नका. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी हे घर आवरलं होतं. मोडकी सुपं, विहिरीचा दोर आणि पोहरा (पंप होता ना!), गंजलेली घमेली, सगळं गेलं. गोठ्यामागे मंगलोरी कौलांची चळत होती, तीनशेच्या आसपास. शेवाळ चढलेलं, खाली विंचू. स्कूटर लावायला तेवढीच जागा होती. शेजारच्या वाडीत एकाचं रिसॉर्ट चाललं होतं, त्याला बागेसाठी हवी होती. मी फुकट दिली, वर टेम्पोवाल्याला चहा दिला.

सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हे माप परत मिळायचं नाही हो." मी म्हटलं, "आई, आता कौलं घालतंय कोण? सगळे पत्रेच टाकतात." हे वाक्य मी बोलले होते. ते अजून कानात आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. आम्ही बाणकोट खाडीच्या दक्षिणेला, केळशीच्या अंगाला. दुपारी मागच्या पाखीची कौलं पत्ते उडावेत तशी उडाली. माजघरातून आभाळ दिसायला लागलं. सासूबाईंना घेऊन आम्ही देवघराच्या कोपऱ्यात बसलो होतो, अंगावर सतरंजी. वारा थांबल्यावर बाहेर आले तर आगरातल्या सुपाऱ्या आडव्या आणि अंगणभर लाल खापऱ्या.

वीज कित्येक आठवडे नव्हती. पंप बंद. काठोकाठ पाण्याची विहीर दारात, आणि मी बादलीला साडी बांधून पाणी काढत होते.

पण खरा जीव खाल्ला तो कौलांनी. टाळेबंदी, त्यात सगळ्या तालुक्याला एकदम कौलं हवी. महिन्याभराने खेडहून मिळाली ती आमच्या जुन्यांत बसेनात. मंगलोरी कौल एकमेकांच्या खाचेत अडकतं. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाच बोटाच्या पेराएवढी जरी सरकली तरी तिथून पाणी झिरपतं. त्या पावसाळ्यात माजघरात सात पातेली मांडलेली असायची. सासूबाई गप्प बसल्या असतील असं तुम्हाला वाटेल. नाही. पातेलं भरलं की त्या म्हणायच्या, "तीनशे होती." रोज म्हणायच्या, आणि मला उत्तर नव्हतं.

शेवटी मी त्या रिसॉर्टवर गेले. कर्दळीच्या वाफ्याभोवती आमची कौलं उभी, अर्धी सिमेंटात गाडलेली. एकावर बोटाचं हाड आपटलं, खणखणीत वाजलं. चांगलं कौल असंच वाजतं, फुटकं बद्द बोलतं. मालक भला माणूस, "काढून न्या" म्हणाला. काढताना निम्म्याहून जास्त तुटली. एकेचाळीस आणली.

म्हणून मी आवरत नाही. मेमध्ये शाकारणीला, वानरांनी फोडलेल्यांच्या जागी त्यातलं एकेक कौल चढतं. आता अकरा उरलीत.

आता तुमचंही खरं सांगते. सासूबाईंच्या लुगड्यांची पेटी मी जपून ठेवली होती, दोन वर्षांनी उघडली तर आत वाळवीची माती. ती वेळेवर वाटली असती तर कुणाच्या तरी अंगावर गेली असती. आइस्क्रीमचे रिकामे डबे, जुन्या पंपाची मोटार, एका बाजूने फाटलेली ताडपत्री यांना कौलांची कथा लागू होत नाही, हे मला कळतं. फेकायला घेते आणि हातात धरून उभी राहते. एप्रिलमधली ती मी आणि आजची मी, दोघींत शहाणी कोण हे मला ठरवता आलेलं नाही. ती निदान रात्री निवांत झोपायची.

आणि एक. माळ्यावरचं सगळं माझं नाही. घर सामाईक, तसं सामानही. तीन भावांच्या तीन बिऱ्हाडांचं आहे ते. काय ठेवायचं ते मी एकटीने ठरवलं, तर उद्या "वहिनींनी टाकलं" हेच माझ्या वाट्याला येणार. तेव्हा यंदा आरतीनंतर एक सकाळ काढा, वर चढा. शिडीची तिसरी पायरी हलते. तुमच्या वडिलांची पत्र्याची ट्रंक डाव्या हाताला, कणगीच्या मागे आहे. किल्ली सापडत नाही, कुलूप तोडावं लागेल.