टेबलाखालचा फोम

स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात मी साउंडचं काम बघतो. त्या दिवशीच्या कामाच्या कागदावर एवढंच होतं: लोकसंगीत, सहा कलाकार, दोन तास, रेकॉर्डिंग हवं.

सकाळी नऊलाच स्टेज तयार. सहा माइक, सहा मॉनिटर स्पीकर. मंडळी आली, स्टेजकडे एकदा पाहिलं आणि खाली विद्यार्थ्यांमध्येच खुर्च्या ओढून गोल करून बसली. माझी तासाभराची वायर-ओढ वाया.

आधी बॅगपाइप. पिशवीतली हवा एकदा सुरू झाली की सूर थांबत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर? मध्ये बोट उडवून क्षणभराचा दुसरा स्वर घुसवायचा. त्या पाइपवाल्याने प्रत्येक चाल आधी तोंडाने म्हणून दाखवली, ‘हिहारिन, होदिन’ अशी. मी लहानपणी तबला शिकलोय. ‘धा धिन धिन धा’ तोंडात बसल्याशिवाय आमचे गुरुजी डग्ग्याला हात लावू देत नसत, त्यामुळे हे लगेच ओळखीचं वाटलं. एका मुलाने पियानोवर साथ करून पाहिली, पण पाइपचा ‘ए’ हा स्वर पियानोच्या बी फ्लॅटच्याही, म्हणजे अर्ध्या सुराने वरच्या पट्टीच्याही, जरा वर लागतो. त्याने गुपचूप झाकण लावलं.

मग हेब्रिडीज बेटांवरच्या सत्तरीच्या बाई उठल्या. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून तिथल्या बायका ते ओलं करून, टेबलाभोवती बसून आपटत आणि गात. एडिनबरा विद्यापीठात १९५१ पासून अशी गाणी टेपवर जमवली गेली आहेत. आदल्या रात्री मी त्यातली काही ऐकली होती आणि मागची धपधप म्हणजे जुन्या मशीनचा दोष, असं ठरवून मोकळा झालो होतो. म्हणून टेबलाच्या चारही पायांखाली फोम घातला होता.

कापड पूर्वी शिळ्या मुतात भिजवत, हे ऐकताच पोरांनी हात मागे घेतले. (आमच्याकडे कोमट पाणी होतं.) बाईंनी तळहाताने टेबल दाबून पाहिलं, खाली वाकल्या आणि फोमचे चारही तुकडे काढून माझ्या हातात दिले.

“ह्यावर गाणं चालणार नाही.”

ओळ त्या म्हणायच्या, अर्थ नसलेल्या अक्षरांचं ध्रुवपद पोरं उचलायची. प्रत्येक ठोक्याला कापड आपटायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे सरकवायचं. एकाने उलटं सरकवलं, तर त्याच्या मनगटावर चापटी बसली. माझा मीटर पहिल्या ठोक्यापासून लाल.

गाणं संपल्यावर मी म्हणालो, “आवाज फाटलाय. परत एकदा म्हणाल का?”

“एका कापडावर एक गाणं दोनदा म्हणत नाहीत. अपशकुन असतो.”

“फक्त रेकॉर्डिंगसाठी.”

माझ्याकडे लक्ष न देता त्यांनी मधल्या बोटाने कापडाची रुंदी मोजली. “अजून आटायचंय. दुसरं घेते.”

गेल्या दिवाळीत मी आजीच्या ओव्या फोनवर घ्यायला बसलो होतो. तिला सोफ्यावर बसवलं, पंखा बंद केला. दोन ओव्या झाल्या आणि ती अडकली. “जातं कुठंय?” म्हणाली. मला वाटलं, वय झालं. जातं परसात पडलं होतं, मोडक्या खुंट्याचं. मी तिला पाणी दिलं आणि फोन खिशात टाकला.

बाई मान वर करून माझी वाट बघत होत्या. मी गेन, म्हणजे माइकची आवाज घेण्याची पातळी, उतरवला, टेबलाचा घुमारा कापणारं फिल्टर बंद केलं, माइक टेबलाजवळ आणला.

तीन दिवसांनी विभागातून मेल आला. दुसरं गाणं छान आलंय, फक्त मागची ती धपधप थोडी कमी होईल का?

नाही, म्हणून कळवलं.