महिमापूर : जगतशेठांच्या पेढीचा माग काढताना

बंगालमधील मुर्शिदाबादला केवळ जगतशेठ या सावकार घराण्याचा वाडा पाहण्यासाठी जो जाईल, त्याच्या पदरी निराशाच पडण्याचा संभव अधिक आहे. कारण ज्या कोठीच्या हुंड्यांवर अठराव्या शतकात बंगालचा महसूल दिल्लीला पोहोचत असे, ती महिमापूरची मूळ कोठी बहुतांशी भागीरथी नदीने गिळली आहे. या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने मात्र तेथे अवश्य जावे. त्याने आधी कागद पाहावेत आणि मग गाव, असा क्रम ठेवावा, म्हणजे तेथे जे थोडे उरले आहे ते कशाचे आहे हे कळते.

घराणे मूळचे राजस्थानातील नागोरचे, ओसवाल जैन. हिरानंद शाह १६५२च्या सुमारास पाटण्याला आले. त्यांचे पुत्र माणिकचंद यांची पेढी ढाक्याला होती. बंगालचा दिवाण मुर्शिद कुली खानाने आपली कचेरी भागीरथीकाठी हलवली, तेव्हा तेही त्याच्यामागोमाग आले. त्यांचा भाचा आणि दत्तक पुत्र फतेहचंद याला मुहम्मदशहा बादशहाने १७२०च्या दशकात ‘जगतशेठ’ हा किताब दिला. पुढे तो वंशपरंपरेने चालला, आणि शोध घेणाऱ्याची पहिली अडचण येथेच सुरू होते. प्लासीच्या लढाईआधी नवाबाविरुद्ध झालेल्या कटातले जगतशेठ म्हणजे फतेहचंदांचे नातू महताबराय. त्यांच्या बरोबरीने व्यवहार पाहणारे चुलतभाऊ स्वरूपचंद यांना ‘महाराजा’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून तर ‘फुट्टीचुंद’, ‘जुगट सीट’ किंवा नुसतेच ‘सीट्स’ असे कानाला लागेल तसे लिहून मोकळे होत. त्यामुळे सूचीत एकच नाव शोधून हात हलवत परत येऊ नये; नावांच्या सर्व रूपांचा आणि प्रत्येक पुरुषाच्या हयातीच्या काळाचा तक्ता आधीच करून जवळ ठेवावा.

कागदांसाठी कोलकाता हा मुक्काम टाळता येत नाही. राज्य अभिलेखागार, एशियाटिक सोसायटी आणि अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय या तिन्ही ठिकाणी ओळखपत्रासोबत संशोधनाचा विषय स्पष्ट करणारे एखाद्या संस्थेचे पत्र असल्यास काम सुकर होते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बराच शोध घरबसल्या उरकता येतो, म्हणून निघण्यापूर्वी काही संध्याकाळी त्यावर घालवाव्यात. मुर्शिदाबादजवळच्या कासीमबाजारच्या इंग्रज वखारीच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९१४ साली छापलेला मुर्शिदाबाद जिल्ह्याचा गॅझेटियर तर बरोबरच न्यावा, कारण नदीने नेमके काय काय नेले, हे त्यावरून समजते.

वखारीच्या कागदांत जी तक्रार सारखी डोके वर काढते, ती टांकसाळीची. नवे शिक्के रुपये पहिल्या वर्षी पूर्ण भावाने चालत, वर्ष उलटले की त्यांवर बट्टा लागे, आणि तो किती लागावा हे सराफांच्या हाती असे. शिवाय बाहेरून येणारी चांदी टांकसाळीत जाण्यासाठी शेठांच्याच हातून जावी लागे. या पेढीच्या संपत्तीचे मूळ तळघरातल्या हंड्यांत नसून या बट्ट्यात, हुंडणावळीत म्हणजे हुंडीवरच्या आकारणीत आणि जमीनदारांना दिलेल्या कर्जांत होते, हे माझे मत ते कागद चाळल्यावर पक्के झाले.

मराठी वाचकाला या कथेत एक ओळखीचे प्रकरण भेटते. मे १७४२मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेतील एक तुकडी मराठ्यांना मिळालेल्या मीर हबीबने मुर्शिदाबादवर आणली आणि जगतशेठांची कोठी लुटली. बंगालचा नवाब अलीवर्दी खान दुसऱ्याच दिवशी येऊन ठेपला. गुलाम हुसेन हा फारसी इतिहासकार लुटीचा आकडा दोन कोटी अर्काटी (अर्काटच्या छापाचे) रुपये असा देतो, आणि वाटाडेही तोच ऐकवतात. एका रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅम धरले, तर ही चांदी सुमारे २३० टन भरते. बैलामागे शंभर किलो लादले तरी दोन हजारांहून अधिक बैल लागतील. घोड्यावरून धावत आलेल्या तुकडीने एवढे ओझे एका दिवसात भागीरथीपार नेले, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. लूट मोठी होती, आकडा फुगवलेला आहे. बंगालात ‘बर्गी’ या नावाने मराठ्यांची आठवण आजही काढली जाते, तेव्हा आपण कोठून आलो हे सांगितल्यावर थोडी थट्टा सोसण्याची तयारी असू द्यावी.

कोलकात्याहून लालगोल्याकडे जाणाऱ्या गाड्या मुर्शिदाबाद स्थानकावर थांबतात आणि प्रवासाला चार ते पाच तास लागतात. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी हावड्याला उतरून सियालदह किंवा कोलकाता स्थानक गाठावे. गाडी कोणत्या स्थानकातून सुटते ते तिकिटावर नीट पाहून घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गावात टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा मिळते. दिवसभरासाठी ठरवताना महिमापूर, नशीपूर आणि काठगोला ही नावे घेऊनच भाडे ठरवावे, नाहीतर हजारदुआरी राजवाड्यापाशीच दिवस संपतो. हजारदुआरीचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. ती वास्तू १८३७ सालची, म्हणजे शेठांच्या वैभवानंतरची असल्याने आमच्या कामाच्या दृष्टीने तेथे फार वेळ घालवण्याचे कारण नव्हते.

महिमापूरला ‘जगतशेठांचे घर’ म्हणून जे दाखवतात, ते तिकीट लावलेले छोटे संग्रहालय आहे. नाणी, जरीची वस्त्रे, भांडी आणि खाली उतरणारी भुयारी खोली पाहून पर्यटक खूश होतात. ते पाहावे, परंतु तीच मूळ कोठी असे समजू नये.

खरा ऐवज सापडतो तो जियागंज-अजीमगंजच्या जैन मंदिरांत. जियागंजहून नावेने नदी ओलांडली की अजीमगंज. धातूच्या प्रतिमांच्या पाठीवर बारीक अक्षरांत संवत, तिथी, गोत्र, बापाचे व मुलाचे नाव आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरण्याची रीत आहे. ओसवाल घराण्यांची वंशावळ जुळवण्यासाठी याहून भरवशाचे साधन नाही. आम्ही पुजाऱ्यांना विनंती केली, तेव्हा त्यांनी स्वतः प्रतिमा किंचित वळवून दिव्याचा प्रकाश बाजूने धरला, आणि समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या पितळेवर ओळी उमटल्या. आपण प्रतिमेला हात लावू नये, चामड्याची वस्तू आत नेऊ नये, छायाचित्राची परवानगी विचारून घ्यावी आणि पूजेची वेळ टाळून जावे. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. इसवी सनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. अजीमगंजचेच पूरणचंद नाहर यांनी असे शेकडो लेख छापून ठेवले आहेत, ते आधी पाहिल्यास निम्मे श्रम वाचतात.

घराण्याच्या उतरणीविषयी गावात जे ऐकू येते, ते वहीत वेगळ्या पानावर उतरवावे. नवाब मीर कासीमने १७६३मध्ये महताबराय आणि स्वरूपचंद यांना ठार केले हे निर्विवाद. मुंगेरच्या बुरुजावरून त्यांना गंगेत ढकलल्याची कथा मात्र सर्व वृत्तांतांशी जुळत नाही. महताबरायांचे पुत्र खुशालचंद यांनी क्लाइव्हने देऊ केलेले वर्षाचे तीन लाख नाकारले, आणि पुरलेल्या धनाची जागा न सांगताच ते गेले, ही कौटुंबिक आख्यायिका आहे. १७७२मध्ये वॉरन हेस्टिंग्जने सरकारी खजिना कोलकात्याला हलवला, ही मात्र नोंद आहे, आणि पेढी का बसली हे समजण्यासाठी ती पुरेशी आहे.

हाताशी आणखी एखादा दिवस असल्यास तो कासीमबाजारसाठी राखावा. तेथील जुन्या इंग्रज दफनभूमीत हेस्टिंग्जची पहिली पत्नी मेरी हिची कबर आहे आणि जवळच कालिकापूरला डच दफनभूमी आहे. परतीची गाडी बहरमपूर कोर्ट स्थानकावरून धरल्यास पुन्हा मुर्शिदाबादला यावे लागत नाही.