'नाव' समोर दिसतंय, पण पायथनला सापडत नाही

"माझ्याकडे चालतंय." पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदत मागितली की हे एक वाक्य आणि खाली एक अंगठा येतो. ते वाचून माझं डोकं अजूनही फिरतं.

पायथन इन्स्टॉल करणं, लूप, फंक्शन हे सगळं विनातक्रार पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते कामाच्या वेळी. आमच्या बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. रकाने मराठीतच: नाव, महिना, हप्ता. कोणाचा हप्ता राहिलाय त्याची यादी काढायची, एवढंच मला हवं होतं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून फाइल सेव्ह केली (सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल), एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ देऊन डिक्टरीडरने (रकान्यांच्या नावांनी ओळी वाचणारं पायथनचं साधन) वाचायला घेतली, आणि पायथन म्हणाला, कीएरर: 'नाव'.

म्हणजे असा रकानाच नाही म्हणे! फाइल उघडून बघितली तर अगदी पहिला रकाना तोच.

ग्रुपवर प्रश्न मी नीट लिहिला होता, हे मुद्दाम सांगते. तिथे निम्मे लोक लॅपटॉपचा तिरका फोटो टाकून "सर चालत नाही" एवढंच लिहितात. मी कोड मजकूर म्हणून दिला, ट्रेसबॅक (चूक झाल्यावर पायथन छापतो तो मजकूर) वरपासून खालपर्यंत दिला, फाइलमधल्या चार ओळी चिकटवल्या, काय यायला हवं होतं आणि काय आलं तेही लिहिलं. त्यावर उत्तरं काय, तर "ताई, स्पेलिंग बघा." "पायथन काढून परत टाका." "पांडाज (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी) वापरा ना." शिकवणाऱ्या सरांनी पहिल्यापासून व्हिडिओ बघायला सांगितलं. एका मुलाने मात्र खरंच कोड चालवून बघितला, आणि स्क्रीनशॉटसकट लिहिलं, "माझ्याकडे चालतंय."

त्याचं खरं होतं, म्हणून तर जास्त चीड आली. राग उतरल्यावर लक्षात आलं की त्या वाक्यात माहिती आहे. कोड तोच, ओळी त्याच, तरी त्याच्याकडे चालतंय. मग वेगळं काय आहे? त्याने माझ्या मेसेजमधल्या ओळी उचलून स्वतःची फाइल केली होती. माझी मूळ फाइल त्याने बघितलीच नव्हती. कोणीच मागितली नव्हती!

मग मी 'नाव'च्या जागी 'हप्ता' घालून बघितलं. आकडे सुरळीत आले. म्हणजे अडचण फक्त पहिल्या रकान्याची. नोटपॅडमध्ये हाताने दोन ओळी टाइप करून फाइल केली, तीही चालली. म्हणजे कोड निर्दोष, घोळ एक्सेलच्या फाइलमध्ये. रकान्यांची नावं एकेक करून छापली: नाव, महिना, हप्ता. स्वच्छ, काही वावगं नाही. शेवटी पहिल्या नावाची लांबी विचारली, तर पायथनने ४ सांगितली. न, काना आणि व, काना वेगळा धरूनही ३ व्हायला हवेत. हे चौथं कोण?

मग पूर्ण यादी एकदम छापली आणि चोर सापडला. 'नाव'च्या आधी बॅकस्लॅश, यू, एफ-ई-एफ-एफ असं काहीतरी चिकटलेलं. नुसता मजकूर छापला तर हे अक्षर डोळ्यांना दिसत नाही. यादी छापली किंवा रेप्र (लपलेली अक्षरंही दाखवणारं फंक्शन) वापरलं तर दिसतं. फाइल यूटीएफ-८ आहे हे ओळखू यावं म्हणून एक्सेल सुरुवातीला तीन बाइटची खूण घालतं, तिला बॉम म्हणतात. साधं यूटीएफ-८ सांगितलं की पायथन ती खूणही मजकुरातच धरतो आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला जाऊन चिकटते. मेसेजमध्ये ओळी चिकटवताना ती गळून पडली, म्हणून त्या मुलाकडे सगळं आलबेल.

उपाय किती, तर एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८-सिग' लिहायचं. खूण असली तर काढली जाते, नसली तरी काही बिघडत नाही.

तेव्हा बाहेरून आलेल्या फाइलवर कोड अडत असेल तर ओळी चिकटवून थांबू नका, फाइलच जोडा. फक्त आधी एक्सेलमध्येच ती दोन-तीन ओळींवर आणा, नावं बदला (गटातल्या बायकांचे हप्ते ग्रुपवर कशाला?), पुन्हा तशीच सेव्ह करा आणि एरर अजून येतोय ना ते बघा. कापताना एरर गेला, तर नेमकं काय काढल्यावर गेला तिथे शोधा. आणि उत्तर देणाऱ्यांनो, "चालतंय" लिहायचंच असेल तर कशावर चाललं तेही लिहा.

ट्रेसबॅक खालून वर वाचायचा, हे राहिलंच. शेवटच्या ओळीत एररचा प्रकार असतो, तिच्या वर ओळीचा नंबर. पायथन ३.१० पासून व्हेरिएबलचं नाव चुकलं तर "तुम्हाला हे म्हणायचंय का" असंही तो सुचवतो, पण कीएररला ती सोय नाही.

पुढे हप्त्यांची बेरीज करताना इंटने (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) '१००' हे मराठी आकडे निमूट घेतले, मला वाटलं होतं तिथे अडेल. अडला '१,०००' वर, स्वल्पविरामामुळे. तो आधी रिप्लेसने काढा.

विंडोजवर एन्कोडिंग लिहिलंच नाही तर 'चारमॅप'चा एरर येतो, तो वेगळा. तिथे पायथन विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतो, बहुधा सीपी१२५२. यूटीएफ-८ मधल्या हलन्ताचा (अक्षराचा पाय मोडणारी खूण) शेवटचा बाइट त्या एन्कोडिंगच्या तक्त्यात नाहीच, त्यामुळे जोडाक्षर आलं की गाडी थांबते. 'हप्ता' मथळ्यातच असल्याने आमची फाइल पहिल्याच ओळीत अडली असती. नुसतं 'कमल' असतं तर एररही आला नसता, नावाच्या जागी भलतीच अक्षरं छापून आली असती.