बांगडा कुणी खावा, कुणी आवरावा

आईला आमवात झाल्याचं वाडीत कळलं आणि शेजारच्या काकी सांगायला आल्या, "तिका बांगडो देव नको, वात वाढतलो." मालवणात माझं औषधांचं दुकान आहे, असली पथ्यं रोज कानावर येतात. सांगणाऱ्याची माया खरी असते. तरी आईच्या ताटातला बांगडा मी काढला नाही.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. या आजारात माशाच्या तेलाच्या पुष्कळ चाचण्या झाल्यात. त्या तेलातली ओमेगा-३ नावाची चरबी दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास काही महिने घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा आणि ठणका थोडा उतरला. थोडाच, आणि एवढं ओमेगा-३ रोजच्या ताटातून मिळणं कठीण. पण बांगड्यात, तारल्यांत ते असतं, तर ते आईच्या तोंडून काढायचं कशाला? ती तिरफळं घातलेलं माशाचं तिखलं जेवते आणि आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकवत नाही. पथ्यावर विसंबून ती गोळी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. बोटं एकदा वाकडी झाली की कुठल्या काढ्याने सरळ होत नाहीत. फार जिवाला लागतं ते.

माझ्या काकांचं दुखणं वेगळं. त्यांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार. अंगठा सुजला की रात्री चादर लागलेलीही सोसत नाही. तारल्यांतल्या प्युरीन नावाच्या घटकाचं शरीरात युरिक ॲसिड होतं, म्हणून आईला चालणारा मासा काकांनी आवरायला हवा. त्यांनी सोडलं होतं काय, तर वरण आणि कुळथाची पिठी! अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली, निष्कर्ष २००४ साली छापून आले. मांस-मासे जास्त खाणाऱ्यांत हा आजार जास्त निघाला, दूध-दही घेणाऱ्यांत कमी. डाळी, पालक यांचा संबंध दिसला नाही. बिअरचा चांगलाच दिसला.

सांधेदुखीवर हळद घ्या, असंही सांगतात. पण ज्याच्यासाठी ती घ्यायची ते कर्क्युमिन हळदीत असतं जेमतेम ३ टक्के, आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. मिऱ्यातल्या पिपरीनने ते कितीतरी जास्त शोषलं जातं, हे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. आमटीतली हळद खुशाल खा. पण जास्त मात्रेच्या कॅप्सूलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, म्हणून त्या मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही.

पावसात आपल्या कुंपणांवर कळलावी फुलते ना, तिच्या कंदात कॉल्चिसीन असतं. अंगठ्याच्या त्या सुजेवर डॉक्टर देतात ती गोळी याच द्रव्याची, मिलिग्रॅमच्या अर्ध्या भागात मोजलेली. कंदात ते किती आहे हे कुणी मोजून देत नाही, आणि कंद खाऊन माणसं दगावली आहेत. तो उगाळून पोटात घ्यायला कुणी सांगितलं तर घेऊ नका, हात जोडून सांगते.

काका परवा विचारत होते, कोकम सरबत चालेल का. कोकमाने सूज उतरते याचं काम बहुतेक प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच झालंय. सरबतात साखर मात्र भरपूर, आणि साखरेतल्या फ्रुक्टोजने युरिक ॲसिड चढतं. त्यांना म्हटलं, बिनसाखरेची सोलकढी घ्या.