गॅदरिंगमधले टिळक-आगरकर

डिसेंबर लागला की पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आमच्या रमणबागेत, गृहपाठ मागे पडत आणि गॅदरिंगच्या तालमी सुरू होत. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असे छापलेले असले, तरी तो शब्द निवेदकाखेरीज कोणाच्या तोंडी नसे. सगळ्यांची खरी ओढ फिशपॉन्डची, म्हणजे चिठ्ठीवर लिहून काढलेल्या गमतीदार चिमट्यांची. ‘सर वर्गात आले की फळ्यालाही घाम फुटतो’ हा गणिताच्या सरांना पडलेला फिशपॉन्ड वाचताना सर स्वतःच सर्वांत मोठ्याने हसले होते.

पाहुण्यांचे भाषण मात्र दरवर्षी जवळपास तेच असे. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढे आगरकर येऊन मिळाले, कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. इथवर आले की पाहुणे एकदम आमच्या शिस्तीकडे वळत. १८९० हे साल त्यांच्या भाषणात कधी उजाडलेच नाही.

आम्ही दहावीत असताना इतिहासाच्या सरांनी लिहिलेल्या नाटिकेत ते उजाडले. आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर राहून, बाहेरची कामे न घेता सगळा वेळ संस्थेला द्यावा, या मूळ बाण्यावर टिळक ठाम होते. संसार चालवायचा तर वेतन वाढले पाहिजे, असे आगरकर आणि इतरांचे म्हणणे होते. समाजसुधारणेवरून दोघांचे आधीच फाटले होते आणि आगरकरांनी केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढला होता. त्यात आजीव सदस्य असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभा या बाहेरच्या संस्थेचे चिटणीसपद घेतले आणि ठिणगी पडली.

आगरकर मी होतो. ‘त्यांना दमा होता, ढास विसरू नकोस,’ असे सर रोज बजावत. मिशांच्या गोंदाने ओठ चुरचुरत असे. तालमीत मला टिळकांचेच म्हणणे बिनतोड वाटे, हे मात्र मी सरांना कधी सांगितले नाही.

‘मी राजीनामा देतो,’ असे म्हणताना टिळकांची पगडी घसरून डोळ्यांवर आली आणि मांडव हसला. माझ्या बाकावरच्या त्या मित्राने ती शांतपणे उतरवली, काखेत धरली आणि माझ्याकडे न पाहता तो विंगेत निघून गेला. मांडव एकाएकी गप्प झाला. मला ढासही आठवली नाही.

नंतर सर रंगपटात आले. त्यांनी पगडी हातात घेऊन आतला कापूस चाचपला आणि ‘मीच कमी भरला होता,’ एवढेच म्हणाले.